‘ठीक’ या शेऱ्याची नीति

मनुष्याच्या नीतीची परीक्षा मोठ्या प्रसंगीं होते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. पूर आलेल्या नदींत जो उडी घेतो त्याचें नांव सारें गांव घेतें. त्याचा सत्कार होतो, वर्तमानपत्रांत त्याचें छायाचित्र येतें. हें योग्यच आहे. शौर्याचा गौरव ज्या समाजांत होत नाहीं, त्या समाजांत शौर्य फार दिवस टिकत नाहीं. परंतु त्या उडीच्या आदल्या सायंकाळीं, कोणी पाहत नसतां, ज्यानें दोराची गांठ ओढून पाहिली, लाईफ जॅकेटाचे बंद ताणून पाहिले आणि प्राणवायूच्या सिलिंडराची चावी फिरवून कांटा कोठें उभा राहतो हें पाहिलें, त्याचें नांव कोणास ठाऊक नसतें. त्याच्या कर्तव्याचा स्वभावच असा चमत्कारिक आहे कीं, तें हजार वेळां केलें तरी हजारही वेळां तें व्यर्थ गेलें असेंच वाटावें. जें कर्तव्य केल्याचें फळ दिसत नाहीं, आणि टाळल्याचें पापही बहुधा दिसत नाहीं, तें मनुष्यास कितपत बांधतें, हा प्रश्न आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे. प्रश्न वरून साधा दिसतो. परंतु तो एकदां आमच्या स्वतःच्या सहीशीं येऊन भिडला, आणि तेव्हांपासून त्यानें आमची पाठ सोडलेली नाहीं.

आमचा नगर जिल्हा, 2024 पासून सरकारदप्तरीं अहिल्यानगर, हा अवर्षणाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, आणि तें खोटें नाहीं. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगांत प्रवरा आणि मुळा उगम पावतात. उत्तरेस कोपरगांव-पुणतांब्यावरून गोदावरी वाहते. दक्षिणेकडे भीमा आणि घोड यांचें पाणी आहे. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण 1926 मध्यें पुरें झालें. पुढें राहुरीजवळ मुळेवर, आणि अलीकडे पुन्हा प्रवरेवर निळवंडें येथें धरण झालें. त्यांत कालवे, बंधारे, विहिरी, शेततळीं आणि शहरांतील पोहण्याचे तलाव यांची भर घातली, म्हणजे दुष्काळी म्हणविणाऱ्या या मुलखांत बुडण्यास जागा कमी नाहींत असें दिसून येईल.

मे 2024 मध्यें अकोले तालुक्यांतील सुगांव येथें प्रवरेंत बुडालेल्या तरुणांचा शोध घेण्यासाठीं राज्य आपत्ति प्रतिसाद दलाचें पथक आलें होतें. शोध चालू असतां नाव उलटली, आणि त्या पथकांतील तीन जवानांस जीव गमवावा लागला. तेथें कोणाच्या साधनांत दोष होता, असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. आम्ही तो प्रसंग एवढ्यासाठींच आठवितों कीं, वांचविणाराही मर्त्य असतो, हें आपण विसरतों. जो पाण्यांत उतरतो तो केवळ आपल्या बाहूंच्या बळावर उतरत नाहीं; न पाहिलेल्या अनेक हातांवर विश्वास ठेवून उतरतो. ते हात आदल्या दिवशीं आपलें काम करून गेले आहेत, असें तो धरून चालतो. या धरून चालण्याच्या पोटीं केवढी जबाबदारी आहे, तिचा विचार आपण क्वचितच करितों.

बुडणारा मनुष्य पाण्यानें मरतो असें आपण म्हणतों. वस्तुतः तो प्राणवायूच्या अभावानें मरतो. श्वास अडला म्हणजे मेंदूची हानि होऊं लागण्यास चार-सहा मिनिटें पुरतात. म्हणून बुडालेल्यास वर काढल्यावर, त्याचा श्वास चालत नसेल तर, त्याच्या मुखांत श्वास भरणें हें पहिलें काम. आणि शिकलेल्या हाताजवळ प्राणवायूचा सिलिंडर असेल, तर तो श्वास अधिक सकस करणें हें त्याच्या पुढचें काम. इतिहासाचा एक योगायोग येथें सांगण्याजोगा आहे. 1774 च्या एप्रिलांत लंडनमध्यें कांहीं सद्गृहस्थांनीं बुडालेल्यांस जगविण्यासाठीं एक संस्था स्थापिली. तीच पुढें रॉयल ह्यूमेन सोसायटी या नांवानें प्रसिद्धीस आली. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत जोसेफ प्रीस्टले यानें पाऱ्याचें तांबडें भस्म भिंगानें तापवून प्राणवायु वेगळा काढला. पण त्या दोन गोष्टींची गांठ लगेच पडली नाहीं. संस्थेनें थेम्स नदीच्या कांठीं जागोजाग साधनांच्या पेट्या ठेवविल्या, त्यांत तंबाखूचा धूर बुडालेल्याच्या आंतड्यांत फुंकण्याचे भाते असत! आज आपण त्या भात्यांस हसतों. परंतु त्या लोकांची विद्या चुकीची असली, तरी पेटी जागेवर असली पाहिजे ही त्यांची बुद्धि बरोबर होती. आपली स्थिति कित्येकदां याच्या उलट असते. विद्या बरोबर असते. पेटीची चावी मात्र सांपडत नाहीं.

हें आम्ही अलंकारानें म्हणत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं जिल्ह्यांतील एका संस्थेच्या पोहण्याच्या तलावाच्या व्यवस्थापक मंडळावर आम्ही होतों. मे महिन्याची सकाळ होती. सुटीमुळें तलाव मुलांनीं भरून गेला होता. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा खोल बाजूस सरकला आणि कोणाच्या लक्षांत येण्यापूर्वींच तळाशीं गेला. जीवरक्षकानें उडी घालून त्यास वर काढलें, उताणें निजवून तोंडानें श्वास दिले, आणि दुसऱ्या गड्यास सिलिंडर आणण्यास पिटाळलें. सिलिंडर आला, पण तो उघडण्याची चावी सांपडेना. कोणी पकड आणली, खटपटीनें तोंड उघडलें, तों कांटा शून्यावर! मुलाचें दैव बलवत्तर म्हणून, किंवा खरें बोलावयाचें तर त्या तरुणाच्या फुप्फुसांत बळ होतें म्हणून, मुलगा खोकला, ओकला आणि रडूं लागला. त्यास रुग्णालयांत नेलें. दोन दिवसांनीं तो सुखरूप घरीं गेला.

मंडळाची तांतडीची सभा भरली. तपासणीची वही मागविण्यांत आली. तीत रोजच्या तारखेपुढें प्राणवायूच्या रकान्यांत एकच शेरा होता: ‘ठीक’. शाई बदलली होती, महिने बदलले होते. शेरा बदलला नव्हता. त्या तरुणास कामावरून दूर करावें, असें सर्वांचें मत पडूं लागलें. तेवढ्यांत वही आमच्या हातीं आली. प्रत्येक महिन्याच्या अखेरीस ‘वरील नोंदी तपासल्या’ असें छापलेलें होतें, आणि त्याखालीं सही होती. ती सही आमची होती. चहा घेतां घेतां, पानें उलटीत, आम्ही ती करीत असूं.

सभेनंतर आम्ही त्या तरुणास बाजूस बोलाविलें आणि विचारिलें, “अरे, न पाहतां रोज ‘ठीक’ कसें लिहिलेंस?” तो राहुरीकडील एका खेड्यांतील मुलगा; खालीं पाहत म्हणाला, “काका, पाहिलं असतं हो, पण चावीच दिवाळीपासून नाही. दोनदा लिहून दिलं. मग मला सांगितलं, वहीत तसलं काही लिहू नको, तपासणीला आले म्हणजे पंचाईत होते. ठीक लिहीत जा.” थोडें थांबून तो पुढें म्हणाला, “कुणी एकदा येऊन काटा पाहिला असता, तर बरं झालं असतं.” त्या ‘कुणी’ शब्दांत त्यानें आमचें नांव घेतलें नाहीं, ही त्याची सभ्यता होती.

त्या दिवसानंतर आम्ही ही तपासणी काय असते तें शिकून घेतलें, आणि आमच्या लक्षांत आलें कीं तींत अवघड असें कांहींच नाहीं. हातास तेल लागलेलें नसावें, कारण दाबाखालील प्राणवायु आणि तेल किंवा ग्रीस यांची गांठ पडली तर आग लागूं शकते. आमच्याकडे डोक्यास तेल चोपडून येणारीं मुलें पाहतां ही सूचना क्षुल्लक नव्हे. तोंडाशीं वॉशर आहे कीं नाहीं, तो फाटला आहे कीं काय, तें पाहावें. चावीनें सिलिंडर सावकाश उघडावा आणि कांटा वाचावा. मग प्रवाह बंद ठेवून सिलिंडर पुन्हा मिटावा आणि कांट्याकडे थोडा वेळ पाहत राहावें. तो उतरूं लागला तर कोठें तरी गळती आहे. मुखवटा मोठ्यांचा आहे तसा मुलांचाही आहे काय, श्वास देण्याची रबरी पिशवी उन्हानें तडकली आहे काय, सिलिंडराच्या खांद्यावर ठोकलेली दाबचाचणीची तारीख उलटून गेली आहे काय, हेंही पाहावें. सारें मिळून पांच मिनिटांचें काम आहे. आणि त्या पांच मिनिटांचा हिशेब असा: दोन लिटर मावणारा लहान सिलिंडर 150 बार दाबानें भरलेला असला, तर त्यांत सुमारें 300 लिटर प्राणवायु असतो, मिनिटास 15 लिटर याप्रमाणें तो 20 मिनिटें पुरतो. कांटा 75 वर असेल तर 10 मिनिटें. भंडारदऱ्याच्या कांठीं कोणी बुडाला असें समजा. शेंडीहून राजूर, राजुराहून अकोलें ही वाट दहा मिनिटांची नाहीं. ‘ठीक’ या शब्दांत 150 ही मावतात, 75 ही मावतात, आणि आम्ही पाहिल्याप्रमाणें शून्यही मावतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आमच्या मीमांसकांनीं कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. काम्यकर्म फळाच्या इच्छेनें करावयाचें. नैमित्तिक हें निमित्त घडेल तेव्हां. आणि नित्यकर्म रोज. नित्यकर्माचें विशेष असें फळ सांगितलेलें नाहीं. तें न केल्यास मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. ज्या प्रवरेच्या तीरीं नेवासें येथें शके 1212 मध्यें ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका सांगितली, त्या प्रवरेच्या जिल्ह्यांत फळाची आशा सोडून कर्म करण्याचा उपदेश नवा नाहीं. बुडत्यास वांचविणें हें नैमित्तिक कर्म होय, आणि सिलिंडराचा कांटा पाहणें हें नित्यकर्म. जगाचा सारा गौरव नैमित्तिकास मिळतो. परंतु नित्य चुकलें तर नैमित्तिक फसतें. येथें एक भेद मात्र ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. संध्या चुकविणाराचा प्रत्यवाय त्याच्या स्वतःच्या माथीं बसतो. तपासणी चुकविणाराचा प्रत्यवाय भलत्याच्याच माथीं बसतो, आणि तो भलता मनुष्य त्या सहीच्या वेळीं घरीं निजलेला असतो, किंवा अद्यापि जन्मलेलाही नसतो.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल: काल ठीक होतें, परवां ठीक होतें, आज बिघडेल कशावरून? हा तर्क चालत्या वस्तूंस बहुधा लागू पडतो. बैलगाडीचें चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवानास कळतें; रोजच्या वापरांतील वस्तु आपला दोष आपणच सांगते. न वापरलेली वस्तु सांगत नाहीं. सिलिंडर कोपऱ्यांत उभा असतो तोंपर्यंत भरलेला आणि रिकामा यांचें रूप एकच असतें. रबर पडल्या पडल्या कुजतें, वायु थेंबाथेंबानें निसटावा तसा निसटतो, चावी कोणीतरी दुसऱ्या कामास नेतो. आणि यांतील कशाचाही आवाज होत नाहीं. म्हणून जी वस्तु क्वचितच लागते, तिचीच तपासणी वारंवार करावी लागते. हें वरवर उलटें वाटतें, पण तेंच सरळ आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रोज तेंच तें केल्यानें तपासणीचें कर्मकांड होतें. हात फिरतो, मन फिरत नाहीं. पळीपंचपात्र घेऊन पाणी सोडणारा जसा मनांत बाजाराचा हिशेब करीत असतो, तसा वहींत शेरा लिहिणाराही करील. हा आक्षेप आम्ही नाकारीत नाहीं. आमची मासिक सही हें त्याचें ठळक उदाहरण आहे. परंतु कर्मकांड निर्जीव झालें म्हणून कर्मच सोडावें, हें अनुमान बरोबर नव्हे. शेऱ्याऐवजीं आंकडा लिहावयास लावावें. आंकडा लिहिण्यास कांट्याकडे पाहावें लागतें. कालचा आंकडा झांकून आजचा लिहावा. आठवड्यांतून एकदां दुसऱ्या हातानें तपासावें. अशानें मन सर्वस्वी जागें राहील असें नाहीं, पण झोंपण्यास त्यास थोडे कष्ट पडतील.

तिसरा आक्षेप गरिबीचा आहे, आणि आमच्या मतें तोच सर्वांत अवघड आहे. संस्था लहान असते. नवी चावी, नवा वॉशर, भरलेला दुसरा सिलिंडर यांस पैसा लागतो. खरें लिहिलें तर तलाव बंद करावा लागेल. तलाव बंद झाला तर तींच मुलें विहिरीवर नि कालव्यावर जातील, जेथें सिलिंडर तर नाहींच, पण जीवरक्षकही नाहीं. मग एका ‘ठीक’ शब्दानें शंभर मुलें पोहावयास शिकत असतील, तर तो असत्य शब्द पुण्यप्रदच नव्हे काय? या युक्तिवादांत दम आहे हें मान्य केलें पाहिजे. कदाचित् सिलिंडरावांचूनही तलाव उघडा ठेवणें हाच कांहीं ठिकाणीं कमी वाईट मार्ग असेल. परंतु मग तो मार्ग उघडपणें पत्करावा. दारावर फळी लावावी: ‘आज प्राणवायूची सोय नाहीं’. आईबाप वाचतील, कोणी मुलास परत नेईल, कोणी स्वतः कांठावर बसून राहील, कोणी चावीसाठीं वर्गणी देईल. निर्णय त्यांचा असेल. खोटा शेरा हा निर्णयच त्यांच्याकडून चोरून घेतो. संकट ज्याच्या लेकरावर यावयाचें, त्यालाच तें आहे हें कळूं न देणें, हा त्या असत्याचा खरा अपराध आहे. आणि त्या दिवशीं कोणी बुडालें नाहीं, म्हणून तो अपराध घडला नाहीं असें होत नाहीं.

याच विचारानें आम्ही दोषाच्या वांटणीकडेही पाहतों. 2021 हें वर्ष महाराष्ट्राच्या स्मरणांत राहील. 9 जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षास आग लागून 10 बालकें गेलीं, आणि राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे हुकूम सुटले. 21 एप्रिल रोजीं नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठ्याचा दाब उतरला आणि त्यावर विसंबलेले 22 रुग्ण त्या दिवशीं दगावले. 6 नोव्हेंबर रोजीं आमच्याच नगरच्या जिल्हा रुग्णालयांत अतिदक्षता विभागास आग लागून 11 रुग्ण मृत्यु पावले. या तिन्ही प्रसंगांचीं कारणें निराळीं होतीं, आणि कोणाचा दोष किती हें ठरविण्याचें हें स्थान नव्हे. परंतु अशा प्रत्येक प्रसंगानंतर समाज एक सवयीचें काम करितो: तो शेवटचा हात शोधतो. ज्यानें शेरा लिहिला तो सांपडतो, कारण त्याचें अक्षर वहींत असतें. ज्यानें ‘नाहीं’ लिहूं दिलें नाहीं, त्याचें अक्षर कोठेंच नसतें. ‘तपासलें’ आणि ‘दुरुस्त केलें’ हीं दोन निराळीं वाक्यें आहेत. पहिलें खालच्या माणसाच्या हातीं आहे, दुसरें बहुधा वरच्याच्या. जेथें उणें लिहिणारास शिक्षा होते आणि ठीक लिहिणारास पगार मिळतो, तेथें सर्व वह्या ठीक असतील आणि सर्व सिलिंडर संशयित असतील. ‘नाहीं’ लिहिण्याची मोकळीक जेथें आहे, तेथेंच ‘ठीक’ या शब्दास कांहीं अर्थ उरतो.

म्हणून त्या सभेंत आम्ही म्हणालों कीं, या तरुणास दूर करावयाचें असेल तर आमचा राजीनामा आधीं घ्यावा; त्याचें असत्य भयानें लिहिलेलें होतें, आमचें आळसानें. त्याचा दोष नव्हता असें आम्ही म्हणालों नाहीं, आणि तोही तसें म्हणाला नाहीं. तो राहिला. चावी दोरीनें सिलिंडरासच बांधण्यांत आली, आणि वहींतील तो रकाना आंकड्यांचा झाला.

पुढच्या उन्हाळ्यांत एके सकाळीं वहींत पुढील नोंद पडली: ‘वॉशर फाटला आहे. सिलिंडर बंद.’ तलाव दुपारपर्यंत बंद ठेवावा लागला. पोरें दारांतून परत गेलीं, आईबापांनीं तक्रार केली, आणि त्या दिवशीं कोणी बुडणार नव्हतेंच, असें दोघां-तिघां सभासदांनीं आम्हांस ऐकविलें. त्यांचें म्हणणें खोटें ठरविण्यास आमच्याजवळ कांहीं साधन नव्हतें, आजही नाहीं. महिनाअखेरीस वही सहीसाठीं आली, तेव्हां आम्ही तलावावर गेलों, त्या तरुणाकडून चावी घेतली, कांटा 140 वर उभा राहिलेला पाहिला, आणि मग सही केली.